शेपूट वर करून बसलेली होडी

ये गं, इकडं सरक. अशी नाही, जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. तू पुण्याला, मी घणसोलीत, आणि मधे हा कागद. तरी मी तुला जवळ बसवूनच बोलणार आहे. फोनवर तुला काही सांगायला जावं तर तिकडं कुकरची शिट्टी होते, नाही तर तुझी मीटिंग लागते. कागदाला शिट्टी नसते. तेव्हा गुमान ऐकून घे, कारण आज मला तुझ्यावर जरा रागवायचंय.

फार नाही. थोडंच.

उन्हाळ्यात तू बाबांना फोनवर म्हणालीस, की ते इंजिन आता भंगारात द्या, होडी विकून टाका आणि आराम करा. काळजीनं म्हणालीस, हे कळतं मला. छातीत स्प्रिंग बसवलेल्या माणसाला लेक दुसरं काय सांगणार? त्यांनी तुला "बघू" म्हटलं, फोन माझ्याकडं दिला आणि गॅलरीत जाऊन बसले. आपल्या गॅलरीतून काय दिसतं ते तुला माहीत आहे. शेजारच्या घराची भिंत. तिच्याकडं बघत बसले. त्यानंतर तुझा फोन आला की मी म्हणायची, बाबा झोपलेत. झोपले नव्हते गं. बोलायला काही नव्हतं त्यांच्याकडं.

आता मुळात काय झालं होतं ते सांगते. तुला वाटेल, मला काय सांगतेस, मी होडीतच वाढले. पण तू बसायचीस ती पुढच्या फळीवर, पाण्यात हात सोडून. मागं काय चालतं ते कधी वळून बघितलंस? आणि गंमत अशी की ते मी तुला सांगतेय. मी देशावरची. माझे वडील मार्केटात माथाडी, आख्खा जन्म कांद्याच्या गोणी उचलण्यात गेला. आमच्या गावाकडं पाणी म्हणजे विहिरीचं, आणि तेही वाकून बघायचं नाही, पाय घसरेल म्हणून. आणि पदरात पडला हा खाडीतला माणूस. लग्नात माझ्या आत्यानं विचारलं होतं, जावईबापूंची शेती किती? तर तुझ्या आजोबांनी हातानं सगळी खाडी दाखवली होती.

तर इंजिन. ते होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवलेलं असतं. त्याचे दोन कान त्या फळीला गच्च धरून बसतात, आणि दोन्ही कानांतून एक आडवी जाड पिन जाते. दाराच्या बिजागरीत असते ना, तशीच. तिच्यावर अख्खं इंजिन खाली-वर होतं. खोल पाणी असलं की खाली सोडायचं, पंखा बुडतो, होडी चालते. ओहोटी लागली, चिखल जवळ आला की वर उचलायचं, नाही तर पंखा गाळात रुतला म्हणून समज. आणि उचललेलं खाली येऊ नये म्हणून आणखी एक बारकी पिन असते, ती अडकवली की इंजिन तिच्यावर टेकून राहतं. बस, एवढंच. दोन पिना. आपल्या घराचं वर्षभराचं दुखणं ह्या दोन पिनांचं.

त्या वर उचललेल्या इंजिनाला मी शेपूट म्हणते. नवी नवरी होते तेव्हापासून. सासूबाईंबरोबर मासळीची पाटी घेऊन जेट्टीकडं निघायचं, तिवरांच्या बाजूनं बांध वळतो तिथं आलं की होड्या दिसतात. आपली होडी लागलेली आणि तिचं शेपूट वर, म्हणजे हे आले. पंखा उन्हात चमकायचा. आणि होडीच नसली की पाटी खाली ठेवायची, पदरानं तोंड पुसायचं आणि उगाच कुणाशी तरी बोलत उभं राहायचं. तेव्हा फोन नव्हते. सासूबाई माझ्याकडं बघून हसायच्या. म्हणायच्या, देशावरची पोर, समुद्र तरी कुठं हाय हा, खाडी तर हाय. पण बघायच्या त्यासुद्धा, मला न दाखवता. त्या शेपटानं किती वर्षं माझ्या जिवात जीव आणलाय, तुला काय सांगू.

आणि मग तेच शेपूट मला बघवेना.

कारण हे आजारी पडले, स्प्रिंग बसली, डॉक्टरांनी जिनेसुद्धा बंद केले, आणि होडी तशीच बांधावर ओढून ठेवली. शेपूट वर. पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळा आला, शेपूट वर. मी त्या वळणावर आले की बघायची. तर काय, आलेत. घरातच आहेत. कायमचे आलेत.

माणूस खाडीत गेला नाही की घरात भरती येते, हे माझं वाक्य लिहून ठेव. मी कांदा चिरायला बसले की हे शेजारी. एवढा जाड का चिरतेस? डाळीला फोडणी देताना मागं उभे. तेल फार झालं. दूधवाल्याशी, भाजीवाल्याशी, गॅसवाल्याशी, सगळ्यांशी बोलायला हेच दारात. पहिले दोन महिने मला बरं वाटलं, मग राग यायला लागला आणि मग भीती. कारण नंतर नंतर ते बोलेनासे झाले. कांदा जाड चिरला तरी काही म्हणेनात. मी मुद्दाम चिरून बघितला.

डॉक्टरांनी पुढं मोकळीक दिली. सोबत कुणीतरी घ्या, लांब जाऊ नका, पण जा, असं म्हणाले. त्याच आठवड्यात हे तुझ्या काकाला घेऊन बांधावर. काका महाप्याला कंपनीत लेथवर असतो, शुक्रवारी सुट्टी, तेव्हा दोघांचा बेत शुक्रवारचा. मी मागनं चहा घेऊन गेले तर दोघे इंजिनाला लोंबकळलेले. बारकी पिन निघेना, इंजिन खाली येईना. काकानं पिनेवर नख मारून बघितलं आणि म्हणाला, दादूस, गंजलाय. हे म्हणाले, गंजला नाय, रुसलाय. मला हसू आलं, पण त्यांच्या कपाळावरचा घाम बघून मी चहा ओतायला लागले.

तुझा तो फोन त्यानंतरचा. म्हणजे बघ, तू कुठं बोट ठेवलंस.

त्या रात्री जेवताना, भात कालवता कालवता, माझ्याकडं न बघता बोलले. "पुनवेपरेंत खाली आला त ठीक. नाय त देऊन टाकू. पोरगी बोलते तेच करू." पुनव म्हणजे नारळी पुनव. माझा घास तिथंच राहिला. हा माणूस एकदा बोलला की बोलला, तुला ठाऊक आहे. आणि नवं इंजिन घ्यायचं म्हणशील तर ह्या वयात स्वतःसाठी असलं काही घेणाऱ्यातले ते नाहीत. हे गेलं की होडी गेली, आणि होडी गेली की मग ती गॅलरी आणि ती भिंत.

मग मी काकाला फोन केला. तो म्हणाला, वयनी, होईल, पन घाईनं नाय होनार.

पहिलं काम तेलाचं. काकानं डिझेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून दिलं, त्यात चिंध्या भिजवायच्या आणि दोन्ही पिनांवर गुंडाळून ठेवायच्या, वरनं प्लास्टिक. पाऊस लागलेला होता, म्हणून होडीवर निळी ताडपत्री. रोज जाऊन चिंध्या बदलायचं काम तुझ्या बाबांचं. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसे ते त्या पट्ट्या ठेवायचे. छत्री, तेलाची बाटली आणि माझ्या जुन्या साडीच्या चिंध्या. कुठली साडी फाडायची यावरून आमचं भांडणही झालं, आणि खरं सांगते, ते भांडण मला इतकं गोड लागलं. बोलायला लागले होते ना.

बारकी पिन निघाली पुढच्या शुक्रवारी. हे हातोडा घेऊन तयार, आणि काका हातोडा त्यांच्या हातातून काढून स्वतःच्या मांडीखाली ठेवतोय. त्यानं पक्कड लावली आणि पिन ओढली नाही, फिरवली. एवढीशी इकडं, एवढीशी तिकडं. परत तेल. परत इकडं, तिकडं. म्हणाला, अडकलेल्या वस्तूला ओढायचं नसतं, ती आणखी घट्ट धरते. नुसतं हलवत राहायचं. हे म्हणाले, तुज्या कंपनीत सगला हलूहलू, म्हनूनच तुमचा माल टायमावर जात नाय. काका म्हणाला, तुजा माल बी वर्षभर गेला नाय दादूस. असं चाललं होतं. आणि बोलता बोलता पिन फिरली, आणि आली हातात. भाजलेल्या रताळ्यासारखी दिसत होती, वरनं सगळी फुगलेली, सालं सुटलेली.

आणि इंजिन? इंजिन तसंच वर. ज्या पिनेवर टेकून बसायचं ती निघाली, खाली काही आधार नाही, तरी हवेत. तिघं बघत बसलो. म्हणजे खरी गाठ त्या मोठ्या पिनेत होती.

मोठीला काकानं पितळेचा दांडा लावला आणि हातोडा मारला. एकच. मग थांबून कान देऊन ऐकलं, परत एक. ह्यांना तो वेळ सोसेना. म्हणाले, आन इकडं. आणि काका चहाचा कप खाली ठेवेपर्यंत ह्यांनी दणका दिला. इंजिनाच्या कानाचा कडेचा टवका उडाला, टिकलीएवढा, आणि चिखलात जाऊन पडला.

काका आपल्या दादूसवर आवाज चढवत नाही, कधीच नाही. त्या दिवशीही चढवला नाही, उलट खाली आणला. म्हणाला, "कान फुटला ना दादूस, मंग खरंच भंगार." हे हातोडा ठेवून ताडपत्रीखाली जाऊन बसले. एक हात छातीवर. मी विचारलं, दुखतंय? तर म्हणाले, डास होता. डास नव्हता, आणि दुखतही नव्हतं. काय होतं ते मला कळलं, तो भंगार शब्द लागला होता.

घरी येऊन भांडी घासायला बसले तर दोन पेले एकात एक अडकलेले. स्टीलचे, तुझ्या बारशातले. मी सवयीनं बाहेरचा पेला गरम पाण्यात धरला, आतल्यात फ्रीजचं गार पाणी ओतलं, आणि पिळलं तसे सुटले. पेले हातात घेऊन तशीच बाहेर आले. काका पायात बूट घालत होता. मी म्हटलं, भाऊजी, हे असं नाही का करता येणार? तो हसायलाच लागला. म्हणाला, वयनी, तेच करायचंय, कंपनीतून बत्ती मागितलीये त्यासाठीच, रंग जाळायची. कान तापवायचा, पिन गार ठेवायची. कान ॲल्युमिनियमचा, तो लवकर पसरतो. मग म्हणाला, तुमी आमच्या कंपनीतच या, बर्फ तुमचा. तेव्हा बर्फाचं काम माझं ठरलं. पुढच्या शुक्रवारी मी आयुष्यात पहिल्यांदा थर्मासमधे चहाऐवजी बर्फ भरून बांधावर गेले.

आता इथं तुला रंगाचं सांगायला हवं. पुनवेच्या आधी होड्या रंगवतात, ते तुला ठाऊकच आहे. पण तुझ्या बाबांचा हात होडीवर थांबतो का? होडी झाली की डब्यात रंग उरतो, आणि उरलेला रंग इंजिनाला. दरवर्षी. खरवडणं नाही, घासणं नाही, थरावर थर. जेट्टीवरचे म्हणायचे, शेंदूर चढला काय इंजिनाला? शेंदूरच तो. गावाकडच्या म्हसोबाला वर्षानुवर्षं चढवत जातात आणि आतला दगड कुणालाच आठवत नाही, तसं झालं होतं.

पाऊस उघडला होता. काकानं तेलाची टाकी लांब नेऊन ठेवली, चिंध्या काढल्या, सगळं कोरडं पुसलं आणि बत्ती लावली. कान तापला तसा रंग फुगायला लागला. फोड आले, वास सुटला. बत्ती विझवून काका म्हणाला, आधी हे सगळं काढा. मी घरनं जुनं उलथनं आणलं होतं, त्यानं खरवडायला बसले. आणि तो रंग पापुद्रा पापुद्रा नाही, एका कवचासारखा सुटायला लागला. कडेनं बघितलं तर पट्टे पट्टे. निळा, हिरवा, परत निळा, मग तो लाल, तुझ्या लग्नाच्या वर्षी मांडवाचे खांब रंगवायला आणून उरलेला. ते कवच माझ्या हातात आलं, आणि खाली कानाच्या पोटाला, मोठ्या पिनेच्या बरोबर खाली, एक गोल ठिपका दिसला. हिरवट. मी म्हटलं, हे काय?

काकानं अंगठ्यानं पुसलं. मग ह्यांच्याकडं बघितलं. हे चष्मा लावून वाकले. बराच वेळ वाकून होते. उठले, चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि म्हणाले, "ह्यो बापाचा खिला."

तुझ्या आजोबांची लाकडी होडी तुला आठवायची नाही. तांब्याच्या खिळ्यांनी जोडलेली होती. खाऱ्या पाण्यात लोखंड टिकत नाही, तांबं टिकतं. ती दुरुस्तीपलीकडं गेली तेव्हा आजोबांनी स्वतः ती फोडली, कुणाला हात लावू दिला नाही, आणि खिळे वेगळे काढून ठेवले. आपल्या घरची रीत अशी, की जुन्या होडीचा एक खिळा नव्या होडीत ठोकायचा. म्हणजे होडी बदलली तरी तीच राहते. पुढं आजोबा गेले, आणि ह्यांनी ही फायबरची होडी घेतली. पूजा झाली, नारळ झाला, आणि हे खिळा हातात घेऊन उभे. फायबरला खिळा ठोकणार कुठं? भोक पडलं की पाणी. सगळे हसायला लागले. मी तेव्हा घरी परत आले होते, तू तापानं फणफणलेली. संध्याकाळी विचारलं, खिळ्याचं काय केलं? तर म्हणाले, बसवला. मी समजले, कुठंतरी लाकडात बसवला असेल.

बसवला होता तो इंजिनात. कानाच्या पोटाला एक भोक असतं, तिथं बारका स्क्रू असायचा, मोठी पिन जागच्या जागी राहावी म्हणून. इंजिन जुन्याच होडीवरचं, तो कुठंतरी पडलेला. ह्यांनी बघितलं, भोक रिकामं, खिळा बरोब्बर मापाचा. दोन ठोके, काम झालं. आणि त्या वर्षीपासून रंग. विसरलो म्हणतात. मला तसं वाटत नाही. खिळा लक्षात होता, जागा विसरले.

तर तो खिळा खालून पिनेत घुसून बसलेला, आणि आम्ही पिनेला बाजूनं हातोडे मारतोय. हलणार कशी? पण गोष्ट तेवढीच नव्हती. काका पांढऱ्या भुकटीकडं बोट दाखवत होता, खिळ्याभोवती मिठासारखी साठलेली. त्याला बोलायचं नव्हतं, दिसत होतं ना. ते त्याचेही वडील. पण बोलला. "तांबा आनि ॲल्युमिनियम, मधी खारा पानी. यांचा नाय पटत, दादूस. बापाचा खिला इंजिन खातोय."

लाकडात जो खिळा जन्मभर टिकला, त्यानंच इथं सगळं कुजवलं होतं. कुणाची चूक म्हणायची? लाकडात जी रीत, ती त्यांनी इंजिनात चालवली. प्रेमानंच केलं होतं ना.

खिळ्याचं डोकं झिजून सपाट झालेलं, पक्कड धरेना. आता एकच उपाय, ड्रिलनं भोक पाडून खिळ्याचा भुगा करायचा. काकानं चार्जिंगचं ड्रिल आणलं होतं, ते त्यानं काढलं, आणि मग फळीवर ठेवून दिलं. म्हणाला, तू बोलल्याशिवाय मी नाय मारनार. ह्यांनी विचारलं, दुसरा रस्ता? काका म्हणाला, कान कापायचा.

भरती येत होती. पाणी तिवरांच्या मुळांतून बांधाकडं सरकत होतं, खेकड्यांची बिळं एकेक करून भरत होती. मी थर्मासचं झाकण उघडून बघितलं. बर्फ वितळत होता.

मग हे उठले. बसलेल्या काकाच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवत असतील तसा. "बापानं तो होडी चालावी म्हनून दिलता. थांबवायला नाय. मार भोक."

काकानं ड्रिल लावलं. मी खाली पदर धरला. काका म्हणाला, वयनी, गरम हाय, पदर जळेल. मी म्हटलं, जळू दे, जुना आहे. बाहेरनं हिरवट, काळपट दिसणारा खिळा, पण आतनं काय लालबुंद निघाला म्हणून सांगू. तांब्याच्या बारीक बारीक कुरळ्या माझ्या पदरात पडत होत्या, नव्या घंगाळासारख्या झळझळीत. हे एकटक त्या पदरात बघत होते.

मग बत्ती परत. कान तापला, पिनेच्या टोकाला मी फडक्यात बर्फ धरला, आणि काकानं पितळेचा दांडा लावून ठोका दिला. टण्. दुसरा, टण्. आणि तिसरा की चौथा, तो टण् वाजलाच नाही. ठप् वाजला. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण तो आवाज मला कळला. भाकरी तव्यावर सुटते तेव्हा हाताला कळतं ना, तसा. पिन दोऱ्याइतकी सरकली होती. काकानं हातोडा ह्यांच्याकडं दिला. म्हणाला, आता मार, पन बापाच्या पाया पडल्यासारखा मार. आणि तुझ्या बाबांनी इतक्या हलक्या हातानं मारला, की मला वाटलं हा माणूस तो नव्हेच.

इंजिनाला वरनं दोर बांधून ठेवला होता, ते काकाचं डोकं. पिन सुटत आली तसं इंजिन कुरकुरलं, आळस दिल्यासारखं हललं आणि सावकाश खाली आलं. किती दिवसांनी आमच्या होडीचं शेपूट खाली. कुणी ओरडलं नाही, नाचलं नाही. ह्यांनी फक्त त्या पंख्यावरचा वाळलेला चिखल हातानं पुसला. मग म्हणाले, चहा नाय आनला? मी म्हटलं, थर्मास एकच आहे.

नवी पिन काकानं साहेबांना विचारून लेथवर स्वतः बनवली, न गंजणाऱ्या स्टीलची, आणि भोकात स्क्रूसुद्धा स्टीलचा. वरनं ग्रीस. आणि ह्यांना ताकीद दिली, की रंगाचा ब्रश इंजिनाकडं आला तर मी घरी येणं बंद करेन.

पण खरी मजा त्या संध्याकाळची. मी पोळ्या लाटतेय आणि हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. मला वाटलं, आली परत भरती. पण नजर माझ्याकडं नव्हती, माझ्या कॅलेंडरकडं. ते दाराच्या चौकटीला लावलेलं असायचं, दुधाच्या खुणा, सिलिंडरची तारीख, तुझ्या येण्यावर गोल, सगळं त्यात. म्हणाले, ह्यो खिला बी बापाचाच ना? मी म्हटलं, आहे. आणि कॅलेंडर माझं आहे. म्हणाले, एकच तर उरलाय. मी म्हटलं, मग कॅलेंडर कुठं लावू, तुमच्या नाकावर? आणि ते हसले गं. पोट धरून, खोकला येईपर्यंत. वर्षात पहिल्यांदा. आता असं हसल्यावर मी खिळा देणार नाही तर काय करणार? लाटणं बाजूला ठेवून मीच उपटून दिला.

कुठं ठोकायचा ते काकानं ठरवलं. इंजिनापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब. पुढं ती लाकडी फळी आहे ना, आडवी, तिच्यात. तुझी फळी. तू पाण्यात हात सोडून बसायचीस तिथं, उजव्या अंगाला. पदरातला भुगाही मी एका पुडीत बांधून त्याच फळीखाली ठेवलाय, काकाला न सांगता.

पुनवेला नारळ दिला, आरती झाली. आणि त्यानंतरच्या शुक्रवारी दोघं निघाले. मी मागनं डबा घेऊन गेले, आणि बांधाच्या वळणावर आले तशी सवयीनं मान वळली. होडी नाही. शेपूट नाही. गेले. माझ्या जन्मात त्या रिकाम्या जागेकडं बघून मला कधी बरं वाटलं नव्हतं, त्या दिवशी वाटलं. पाटी नव्हती, तरी हात डोक्याकडं गेला. थोडा वेळच हं. मग परत काळजी सुरू, ऊन लागलं तर, छातीत दुखलं तर, आणि मी पदरानं तोंड पुसत उगाच कुणाशी तरी बोलत उभी राहिले. दुपारी आले. शेपूट वर, पंखा चमकतोय, आणि बादलीत चिंबोऱ्या, नांग्या उगारलेल्या. मुलखाच्या मोठ्या नव्हत्या, पण रस्सा झाला.

आता ते फक्त शुक्रवारी जातात, काका बरोबर असतो, लांब जात नाहीत, डॉक्टरांना माहीत आहे. तेव्हा तू काळजी करू नकोस आणि भंगाराचं नाव काढू नकोस. रागावणं संपलं माझं. बाबा फोनवर येत नाहीत असं म्हणायचीस ना? आता तेच विचारतात, पोरगी कधी येते. मला विचारतात, तुला विचारायला लाजतात.

तर ये लवकर. शुक्रवार धरून ये, सकाळच्या भरतीला. पुढच्या फळीवर जागा पुसून ठेवली आहे, बसताना उजवीकडं हात लावून बघ. आणि येताना एक खिळा घेऊन ये, साधा, लोखंडाचा, कॅलेंडर लावायला. ते सध्या फ्रीजवर आडवं पडलंय, आणि तुझ्या येण्यावर गोल कुठं करायचा ते मला सापडत नाही.